ळ आला कुठून, आणि आपल्याकडे गेला कुठे?

बोर्डवाला_बर्डी

मंडळी, नागपुरात दुकानांच्या पाट्या आणि फ्लेक्स हा आपला धंदा, त्यामुळे अक्षरांशी रोजचाच संबंध. बाकी कुठल्या अक्षरावरून गिऱ्हाइकाशी वाजत नाही, ळ वरून हमखास वाजतं. गोकुळपेठ लिहायचं की गोकुलपेठ? कळमना की कलमना? फुटाळा की फुटाला? गोळीबार चौकातल्या एकाला दोन पाट्या हव्या होत्या, एक मराठी, एक हिंदी. पत्त्यात फरक एवढाच की इकडे ळ, तिकडे ल. तो म्हणे, "एकच प्रूफ चालव ना भाऊ, एका अक्षरानं काय बिघडते?"

तर माझे प्रश्न. हे अक्षर आलं कुठून? संस्कृतात ते नाही असं शाळेत शिकवलं होतं, मग मराठीत कोणी घातलं? त्याला स्वतःचा काही अर्थ आहे का, 'ख' म्हणजे आकाश असतं तसा? एक शब्द ह्यानं सुरू होत नाही, मग वर्णमालेत शेवटून तिसरा उभा राहून हा करतो काय? आणि मराठीचं एवढं खास अक्षर म्हणता, तर आपल्याच खेड्यांत ते जिभेवरून गायब कसं? माझी काटोलकडची आजी डोळ्याला डोया म्हणायची.

जाणकारांनी लिहा. बाकीच्यांनी पण लिहा, तुम्हाले कोण रोखते.

तर्रीवाला

अर्थ आहे ना! सावजी खाल्ल्यावर जळजळ, मळमळ, तळमळ, शेवटी कळ. ळ म्हणजे पोट.

अंताक्षरी_क्वीन

आमच्याकडे एकच नियम आहे: ळ आला की ल घ्यायचा. दिवाळीत सगळे नातेवाईक जमतात आणि दरवर्षी ह्या नियमावरून एक काका उठून जातात.

मृदुला_धंतोली

तर्रीवाले 😂

बोर्डवाले भाऊ, "संस्कृतात ळ नाही" हे अर्धंच खरं आहे. पाणिनीच्या संस्कृतात नाही. माहेश्वर सूत्रं, म्हणजे त्याच्या व्याकरणातली वर्णांची यादी, चौदाच्या चौदा म्हणून पाहा, त्यांत ळ भेटणार नाही. पण ऋग्वेद उघडलात की पहिल्या ओळीतच तो हजर आहे: "अग्निमीळे पुरोहितं यज्ञस्य देवमृत्विजम्". इतक्या जुन्या ग्रंथाच्या पहिल्याच मंत्रात, दुसऱ्याच शब्दात.

तिथला धातू ईड्, म्हणजे स्तुती करणे. लौकिक संस्कृतात त्याचं रूप 'ईडे' होतं. ऋक्प्रातिशाख्यात, म्हणजे ऋग्वेदाच्या उच्चारांचे नियम सांगणाऱ्या जुन्या ग्रंथात, नियमच दिला आहे की दोन स्वरांच्या मध्ये ड सापडला तर त्याचा ळ होतो, आणि ढ चा ळ्ह. म्हणजे तिथला ळ हा ड चा अवतार. शब्दाच्या सुरुवातीला तो का येत नाही ह्याचा धागाही इथेच लागतो. दोन्ही बाजूंना स्वर असेल तरच हा जन्म घेतो, आणि शब्दाच्या तोंडाशी डाव्या बाजूला स्वर आणायचा कुठून?

पुढे पालीतही ळ आहे. षोडश चं पालीत सोळस, आपल्याकडे सोळा. तसंच गुड चा गूळ, तडाग चं तळं, दाडिम चं डाळिंब.

काळी_पिवळी

मग वाईटाला गावाबाहेर हाकलायला मारबतीचा पुतळा नेतो, त्या मिरवणुकीत ओरडतो ती "ईडा पीडा" आणि हे "ईडे" एकच का?

मृदुला_धंतोली

मंत्रातलं ईडे म्हणजे स्तुती करतो. मारबतीची स्तुती करताना तुम्ही कोणाला पाहिलंय?

काळी_पिवळी

नाही ताई. पण मुद्दा सांगतो. तान्ह्या पोळ्याच्या दिवशी इतवारीत दोन्ही मारबती निघतात, काळी आणि पिवळी, दोघींच्या नावात ळ. वर पोळा. आणि गर्दीत अर्धे लोक म्हणून राह्यले "काली मारबत, पीली मारबत". मी पण म्हणतो, खोटं कशाला बोलू.

धारवाडची_सून

थांबा थांबा, ळ आमचा आहे! माहेर धारवाड, सासर प्रतापनगर. कन्नडात खेड्याला हळ्ळी म्हणतात, केळीला बाळे. तेलुगू, मल्याळम, सगळ्यांकडे ळ आहे. तमिळवाले तर एकावर थांबत नाहीत, त्यांच्याकडे ल, ळ आणि ऴ असे तीन. खुद्द त्यांच्या भाषेचं नाव त्या तिसऱ्यावर संपतं, आपण मराठीत सोयीनं 'तमिळ' करतो आणि हिंदीवाले 'तमिल'. लग्नानंतर मला इथे सगळ्यांत आपलं वाटलेलं काही असेल तर ते हे अक्षर. मराठीनं आमच्याकडून उचललंय, परत करा.

हातमोजे

व्याज किती लागेल?

शाईपेन

(निवृत्त शिक्षक, मराठी. त्यामुळे लांबण लागली तर ओरडू नका.)

मृदुलाताई आणि धारवाडच्या ताई, दोघींचं खरं आहे; पण मराठीतले बहुतेक ळ ड मधून आलेले नाहीत आणि कन्नडातूनही उसने नाहीत. ते आले ल मधून. संस्कृत शब्दांत दोन स्वरांच्या मधे एकटा ल होता, मराठीत येईपर्यंत त्याचा ळ झाला. फल-फळ, जल-जळ, नील-निळा, कमल-कमळ, मूल-मूळ. क्रियापदांत पण तेच: मिलति-मिळणे, गिलति-गिळणे, गलति-गळणे. दक्षिणेच्या शेजारामुळे हा ध्वनी आपल्याकडे टिकला असेल का, ह्यावर वाद घालता येतो. पण शब्द घरचेच आहेत.

आता खरी गंमत. ल जोडाक्षरात होता किंवा प्राकृतात ल्ल झाला होता, तिथे मराठीत ळ होत नाही, ल च राहतो. म्हणून हे पाहा:

काल (समय) → काळ.
कल्य → प्राकृत कल्ल → काल (कालचा दिवस).

वर्गात मी फळ्यावर फक्त हे दोन शब्द लिहायचो. मुलांना वाटे काल आणि काळ हे एकाच शब्दाचे भाऊ. नाहीत. दोन वेगळ्या घरांतून निघाले आणि वाटेत इतके जवळ आले की आता मधे फक्त हे एक अक्षर उरलंय. बोर्डवाले, तुमच्या गिऱ्हाइकाला सांगा, एका अक्षरानं हे बिघडते.

ज्यूल ब्लॉक नावाच्या फ्रेंच अभ्यासकानं मराठीच्या जडणघडणीवर १९२० साली मोठा ग्रंथ छापला, त्यात असल्या बदलांची बारीक तपासणी आहे. त्याच्या कितीतरी आधी, बाराव्या शतकात, हेमचंद्र ह्या व्याकरणकारानं पैशाची नावाच्या प्राकृताच्या नियमांत ल चा ळ होतो असं लिहून ठेवलंय. म्हणजे ही खोड एकट्या मराठीची नाही.

इतवारीचा_शेट

सर, एक शंका. फल चं फळ झालं, मग फूल चं फूळ काऊन नाही झालं? तेल चं तेळ?

शाईपेन

शेट, माल तपासून घेता तसा नियमही तपासून घेतलात, बरं वाटलं. आपलं फूल आलं फुल्ल पासून (फुल्ल म्हणजे उमललेलं). तेल आलं तैल पासून, पण मधे प्राकृतात तेल्ल झालं. चुल्ली-चूल, वल्ली-वेल, बिल्व-बिल्ल-बेल, मूल्य-मोल्ल-मोल. चालणे आणि बोलणे ही क्रियापदंही प्राकृतात चल्लइ, बोल्लइ अशी दुहेरी ल ची. ल ला शेजारी सोबत होती म्हणून तो वाचला, एकटा सापडला तो वळला.

कला, कमल, बाल, सकल असे शब्द दाखवून कोणी मला पकडू नका. ते पुढे संस्कृतातून जसेच्या तसे पुन्हा आणले. जुन्या मराठीत सकळ, मंगळ, कोमळ, चंचळ असंच सर्रास दिसतं.

इतवारीचा_शेट

मानलं सर. आता माझ्याकडून एक. ळ म्हटला की लोक हिंदीवाल्यांकडे बोट दाखवतात आणि त्यात आम्हा मारवाड्यांना पण धरतात. आमच्या मारवाडीत ळ आहे भाऊ! माझी दादी काळो म्हणते, चांगली जीभ वळवून. दुकानात हिंदी बोलतो तेव्हा तो ळ खिशात ठेवतो, घरी गेलो की काढतो. गुजरातीत आहे, ओडियात आहे, हरियाणवीत आहे. पंजाबीत पण आवाज आहे, गुरुमुखीत ल खाली टिंब देऊन लिहितात.

सदर_का_बंदा

मी घरी हिंदी बोलणारा, जन्म इथलाच, मराठी शाळेत शिकलो. भांडायला नाही आलो, पण खरंच विचारतो: ल लिहिला तर अडतं काय? संदर्भावरून कळतंच. 'काले कपडे' वाचून कोणी कालचे कपडे समजत नाही.

मृदुला_धंतोली

'कलतं' लिहून पाहा ना मग, 'कळतं' कशाला लिहिलंत? 🙂

हातमोजे

हाणला.

तर्रीवाला

बाल रडतो, गाल काढायचा आहे विहिरीतला, मले वेल नाही, चालीत राहतो पण चांगल्या चालीचा आहे. चालवा भाऊ संदर्भावर.

सदर_का_बंदा

😄 ठीक आहे, एक चौकार दिला. पण आडनावांचं सांगा. टिळक हिंदीत तिलक, गोळवलकर हिंदीत गोलवलकर, तेव्हा कोणी उपोषणाला नाही बसलं.

आजोबा_धरमपेठ

सदरवाले बेटा, हा घोळ आपल्या शहराच्या पायातच आहे. १९५६ च्या १ नोव्हेंबरपर्यंत नागपूर मध्य प्रदेशाची राजधानी होती, कारभार हिंदी आणि मराठी दोन्हींत. मग मुंबई राज्यात गेलो, १९६० ला महाराष्ट्र झाला. तोवर एकाच भिंतीवर दोन पाट्या, दोन्ही देवनागरीत, हे आम्हाला नवल नव्हतं. कानडीवाल्याची लिपीच वेगळी, त्यामुळे त्याचा ळ कोणी सुधारायला जात नाही. आपली आणि हिंदीची लिपी एक, म्हणून वाचणाऱ्याला वाटतं की ही चूकच असणार.

बर्डीचंच पाहा. आपण सीताबर्डी लिहितो, बोलताना नुसती बर्डी, आणि इंग्रजीत सीताबुल्डी. तिथल्या टेकडीवर १८१७ च्या नोव्हेंबरात भोसल्यांची आणि इंग्रजांची लढाई झाली, ती इतिहासाच्या इंग्रजी पुस्तकांत बुल्डीचीच लढाई आहे.

काळी_पिवळी

आजोबा, ती शीतलाप्रसाद आणि बद्रीप्रसाद दोन भाऊ होते म्हणून शीतलाबद्री, ती गोष्ट खरी का?

आजोबा_धरमपेठ

गोष्ट आहे. लहानपणी आम्हीही ऐकली. त्यासाठी वेगळा धागा काढा, नाहीतर हा बर्डीच्या गर्दीत हरवेल.

अकोल्याचा_ठेचा

आता मी बोलतो. बोर्डवाले भाऊ, तुमच्या शेवटच्या प्रश्नावर माह्या आक्षेप आहे. "गायब" काहून म्हंता? आमच्या वऱ्हाडात ळ गायब नाही झाला, त्याचा य झाला. डोया, काया, केयं, सकायी, पोया, जवय. आजी तुमची बरोबर बोलत होती.

शिक्षणासाठी पुण्याले गेलो तं होस्टेलवर पोट्टे मले "ए केयं" म्हणून हाक मारत. एका मास्तरानं वर्गात उभं करून 'काळा बाळ तळ्याजवळ खेळला' पाचदा म्हणायले लावलं होतं. म्हटलं. पाचव्यांदा सगळा वर्ग हसून राह्यला होता, मी पण. पण तवापासून डोक्यात एक गोष्ट बसली आहे ते सांगतो.

हिंदीवाला काळ ले काल म्हंते, म्हणजे त्याचे दोन्ही एक झाले. आमची आजी काळ ले काय म्हणन, पण काल ले कालच म्हणन. गाळ चा गाय, गाल चा गाल. म्हणजे शाईपेन सरांनी फळ्यावर जो फरक लिहिला, तो आमच्या आजीच्या तोंडात पुरा शाबूत आहे. अक्षर बदललं, फरक नाही बदलला. बिनशाळेची बाई एका शब्दात चुकत नव्हती की कुठं य करायचा न् कुठं ल ठेवायचा. तिले काय प्राकृत माहीत होतं?

शाईपेन

ठेचाभाऊ, ह्या धाग्यातला सर्वांत मोलाचा प्रतिसाद हा. (मोल, मूल्य पासून. सवय जात नाही.) तुमच्या आजी फूल ला फूय म्हणाल्या असत्या का? नाही. तेल ला तेय? नाही. ल आणि ळ वेगळे हे पक्कं असल्याशिवाय असं बोलताच येत नाही. वऱ्हाडी बोलणाऱ्याला ळ येत नाही असं म्हणणाऱ्या शिक्षकांपैकी माझेही काही सहकारी होते, त्यांना हे वाचायला द्यायला हवं होतं.

साकोलीची_साक्षी

आमच्या झाडीपट्टीला विसरले सगळे नेहमीसारखे. आमच्याकडे ळ चा र होतो. काळा-कारा, डोळा-डोरा, फळ-फर. तळ्याला तरा. भंडारा-गोंदियाकडे मालगुजारी तलाव किती आहेत ते माहीत आहे ना, तिथे हा तरा शब्द पावलोपावली लागतो. ठेचाभाऊंचा मुद्दा आम्हालाही लागू आहे: गाळ चा गार होतो, गाल गालच राहतो. फक्त आमचा गाळ मग थंड गार ला जाऊन भेटतो, तसा तुमचा काळ "काय" ला.

ण पण नाही आमच्या बोलीत, न आहे. पाणी नाही, पानी. त्यावरून ऐकलेले टोमणे लिहायला बसले तर सर्व्हर भरेल.

तर्रीवाला

म्हणजे अकोल्याहून गोंदियाले जाताना एकच माणूस काया, काळा, काला, कारा. तिकीट एकच.

हातमोजे

काला हा नागपूरचा थांबा का? 😂

तर्रीवाला

अर्थात. चहा-तर्री-पोहे इथंच भेटते.

अकोल्याचा_ठेचा

साक्षीताई, बरोबर. ग्रियर्सनच्या भाषा सर्वेक्षणाचा सातवा खंड, १९०५ चा, सगळा मराठीचाच आहे. त्यात वऱ्हाडी आणि नागपुरीचे नमुने वेगवेगळे दिले आहेत. शंभरावर वर्षांआधी गोऱ्या साहेबानं जे कान देऊन ऐकलं ते आपल्या लोकायले अजून ऐकू नाही येत.

सदर_का_बंदा

ठेचाभाऊंचं पटलं. ल लिहून चालतं हा माझा मुद्दा मागे घेत नाही, हिंदीत लिहिताना मी लिहिणारच. पण मराठी पाटीवर ळ हवा, हे मान्य. आता मला उलटं विचारू द्या. मराठीवाले आमच्या भोपालचं भोपाळ करतात, नेपालचं नेपाळ. तिथे कोणाची परवानगी घेतली? आणि भोपाळ करता तर वाटेतल्या बैतूलचं बैतूळ का नाही करत?

मृदुला_धंतोली

😅 हा चेंडू आत आला.

मला वाटतं -पाल दिसलं की मराठी कानाला गोपाळ आठवतो, भूपाळी आठवते, म्हणून भोपाळ, नेपाळ. बैतूलमध्ये ओळखीचं काही सापडत नाही, म्हणून तो जसा आला तसा राहिला.

हातमोजे

मग शिशुपाल? बंगाल?

मृदुला_धंतोली

शिशुपालाला शंभर अपराध माफ होते, त्यात हा एक धरा.

पोर्तुगीज_पाव

बाहेरून आलेल्या शब्दांत सहसा ल तसाच राहतो. फारसीतून आलेले माल, साल, हाल, दलाल घ्या, इंग्रजीतले हॉटेल, पेट्रोल घ्या. एकाचाही ळ नाही झाला. ते शब्द आले तोवर ल चा ळ करायची भाषेची हौस फिटली होती. पण एक पाहुणा सुटला: नाताळ. पोर्तुगीज नातालचा आपण नाताळ केला. हौस फिटली म्हणावं तर एक ळ उरलाच होता कुठेतरी डब्यात.

धारवाडची_सून

आणि केरळ? तो त्यांच्या भाषेतच ळ आहे. हिंदीत केरल, इंग्रजीतून आपल्याकडे उलटा आला तरी मराठीनं बरोबर केरळ लिहिला. ह्या एका गोष्टीसाठी मराठीची थकबाकी मी माफ केली आहे.

बोर्डवाला_बर्डी

बाप रे, दुकान बंद करून आलो तं इथं ग्रंथ झाला. ठेचाभाऊ, आजीबद्दल लिहिलंत त्यासाठी धन्यवाद, मी "गायब" शब्द परत घेतो.

जरा माझ्या बाजूचं सांगतो. हातानं पाटी रंगवायची तेव्हा ळ हे वैतागवाडी अक्षर. आधी मधली दांडी ओढायची, मग डावा गोल, मग उजवा. दोन्ही गोल सारखे नाही आले तर अक्षर लंगडं दिसते, आणि लांबून पाहिलं तर कुठला गोल बिघडला तेही कळत नाही, नुसतं काहीतरी खटकते. माझे उस्ताद पेन्सिलीनं आधी दोन रुपये ठेवून गोल काढायचे. शिकाऊ पोट्ट्याला सगळ्यात शेवटी ळ द्यायचे. आता ॲक्रेलिकवर मशीन कापते, पण दोन गोलांच्या मधली बारीक जागा अजून तिथंच तुटते.

प्रश्न दोन अजून उरलाय. अर्थ काय? आणि हे शेवटून तिसरं स्थान कोणी दिलं? ल च्या बाजूला काऊन नाही बसवला?

मृदुला_धंतोली

अर्थाचं सांगते. संस्कृतात एकाक्षरी कोश आहेत, एकेका अक्षराला अर्थ देणारे. तुमचा ख आकाश तिथलाच, खग म्हणजे आकाशात जाणारा. क म्हणजे ब्रह्मदेव. पण पाणिनीच्या परंपरेत ळ हे स्वतंत्र अक्षरच नाही, तेव्हा असा अर्थ त्याच्या वाट्याला कुठून येणार?

जागेचा प्रश्न जास्त छान आहे. पूजेआधी मातृकान्यास करतात, त्यात अं पासून वर्ण एकेक म्हणत शरीरावर ठेवतात. तिथे शेवट येतो हं, ळं, क्षं. आपल्या मुळाक्षरांचा शेवट म्हणून पाहा: ह, ळ, क्ष, ज्ञ. तोच क्रम, पुढे फक्त ज्ञ जोडलेला.

शाईपेन

उत्तम. आणि पाटीवाले भाऊ, ल च्या बाजूला बसवलाय की! संगणकानं बसवलाय. युनिकोडमध्ये ल चा क्रमांक ०९३२, ळ चा ०९३३, आणि धारवाडच्या ताईंनी सांगितलेल्या तमिळच्या ऴ चा ०९३४. तिघे एका बाकावर. माझ्या नातवानं दाखवलं, म्हणून ठाऊक.

काळी_पिवळी

कीबोर्डवर तर एकाच घरात राहतात. इनस्क्रिप्टला ल च्याच कळीवर शिफ्ट दाबला की ळ. आणि इंग्रजी अक्षरांनी मराठी टाइप करणाऱ्यांसाठी मोठा एल. मी दोन वर्षं मोठा एल न दाबता लिहिलं, घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर माझं नावच "पोला" पडलं.

अंताक्षरी_क्वीन

मृदुलाताई, म्हणजे ळ ला स्वतःचा अर्थ नाही, पण दोन-दोनदा आला की आवाज होतो असं म्हणू का? खळखळ, सळसळ, झुळझुळ, भळभळ, वळवळ. ही सगळी पाण्या-वाऱ्याची न् वळवळणाऱ्यांची मंडळी. ल नं लिहून पाहा, खलखल, सलसल. पाणी थांबतं.

तर्रीवाला

माझा पोटाचा सिद्धांत अजून कोणी खोडलेला नाही, नोंद घ्यावी.

बोर्डवाला_बर्डी

घेतली. गोळीबारवाल्याची दोन्ही प्रूफं वेगवेगळी टाकली, मराठीत ळ, हिंदीत ल, पैसे दोन पाट्यांचेच. वर मी त्याला काल-काळचं सांगितलं तर म्हणे, "इतकं शिकलेला आहे तर पाट्या काऊन रंगवतो?"

साकोलीची_साक्षी

त्याला सांगायचं ना, तुझ्या पाटीसाठी.

शाईपेन

पाट्यांचा विषय निघालाच आहे तर, उपाहारगृहांच्या पाट्यांवर 'आचाऱ्यांना' चं 'आचार्यांना' झालेलं किती ठिकाणी पाहता? स्वयंपाक्याला आचार्य करणारा तो हरवलेला अर्धा ऱ. मला त्यावर बरंच बोलायचं आहे.

हातमोजे

सर, नवा धागा काढा. आम्ही डबा घेऊन येतो.